साउथईस्टर्न : दारू सुटल्यानंतरची बारा गाणी

आधी एक कबुली देतो. ‘या वेळी अमेरिकन कंट्री संगीतावर बोलतो’ असं मी आयोजकांना कळवलं, तेव्हा फोनवर जरा वेळ शांतता होती. मग पलीकडून विचारणा झाली, “म्हणजे लोकसंगीत का सर?” (हशा) मी म्हटलं, हो, तसंच समजा. खरं तर ते तसं नाही. पण फोनवर कुठे समजावत बसणार.

तर आज एकाच अल्बमबद्दल बोलायचंय. जेसन इझबेल या गायक-गीतकाराचा ‘साउथईस्टर्न’. ११ जून २०१३ ला आला. बारा गाणी आहेत. इझबेल हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल, पण त्याचं काम तुमच्यापर्यंत पोचलेलं आहे. ब्रॅडली कूपर आणि लेडी गागाचा ‘अ स्टार इज बॉर्न’ पाहिलाय ना? २०१८ चा. त्यात कूपरचं पात्र, तो दारुडा गायक, गिटार घेऊन ‘मेबी इट्स टाइम’ नावाचं एक गाणं म्हणतो. ते इझबेलनं लिहिलेलं आहे. आणि स्कॉर्सेसीच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’मध्ये बिल स्मिथ म्हणून जो माणूस आहे, तो इझबेल स्वतः. म्हणजे चेहराही बघून झालाय.

आता दारुड्या गायकाच्या सिनेमासाठी याच्याकडूनच गाणं का घेतलं असेल, हे आजच्या विषयातून आपोआप कळेल.

पार्श्वभूमी पटकन सांगतो. इझबेलचा जन्म १९७९ चा, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला. गाव ग्रीन हिल, अगदी छोटं. तो जन्मला तेव्हा आई सतरा वर्षांची होती आणि वडील एकोणीस. वडील घरं रंगवायचे. आजोबा पेंटेकोस्टल पंथाचे धर्मोपदेशक, वाद्यांचा हात त्यांच्याकडून मिळाला. आणि जवळच मसल शोल्स. हे नाव लक्षात ठेवा. टेनेसी नदीकाठचं हे गाव आकारानं कोणाच्या खिजगणतीत नसेल, पण तिथल्या फेम स्टुडिओत विल्सन पिकेटनं गाणी केली, अरेथा फ्रँकलिननं केली. १९६९ च्या डिसेंबरात रोलिंग स्टोन्स तिथल्या दुसऱ्या स्टुडिओत येऊन गेले. काळ्या गायकांच्या सोल संगीतामागे वाजवणारे बरेचसे वादक तिथले गोरे पोरगे होते, आणि तेही वर्णद्वेषासाठी बदनाम असलेल्या राज्यात. त्या वादकांपैकी बेसवादक डेव्हिड हूड यांच्या आसपास इझबेल वाढला. म्हणजे ‘कंट्री’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, ती काउबॉय टोपी, तो ट्रक, ती बिअर, त्यातून हा आलेला नाही. त्याचा कान अर्धा सोलवर तयार झालाय.

पुढे हूड यांच्या मुलाच्या, पॅटरसन हूडच्या ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ या बँडमध्ये तो २००१ मध्ये गेला. वय बावीस. तिथं त्यानं ‘आउटफिट’ नावाचं गाणं लिहिलं, त्यात एक कष्टकरी बाप बँडमध्ये निघालेल्या पोराला चार गोष्टी सांगतो. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलानं बापाच्या तोंडून लिहिलेलं गाणं! मला आजही त्याचं नवल वाटतं. बँडमधल्या बेसवादक मुलीशी त्यानं लग्न केलं, ते मोडलं. दारू वाढली. २००७ मध्ये बँड सुटला. त्यानंतर स्वतःच्या नावावर तीन अल्बम आले. चांगले होते, पण ऐकणारे मोजके. सोबतच्या बँडला त्यानं नाव दिलं ‘द ४०० युनिट’. हे नाव कुठून आलं माहितेय? अलाबामातल्या फ्लोरेन्स गावच्या इस्पितळातल्या मनोरुग्ण विभागावरून. विनोद म्हणून ठेवलं असेल. पण आपण कशावर विनोद करतो त्यावरून आपल्याला कशाची भीती आहे ते कळतं, नाही का.

फेब्रुवारी २०१२. अमांडा शायर्स ही त्याची तेव्हाची मैत्रीण. स्वतः उत्तम व्हायोलिन वाजवणारी, स्वतःची गाणी लिहिणारी. तिनं, त्याच्या मॅनेजरनं आणि रायन अॅडम्स या गायक-मित्रानं मिळून त्याला नॅशव्हिलमधल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं. तो बाहेर आला तो न पिणारा होऊन. त्यानंतरच्या वर्षभरात जी गाणी लिहिली, ती या अल्बममध्ये आहेत. निर्माता डेव्ह कॉब. हाच कॉब पुढे ख्रिस स्टेपलटनच्या ‘ट्रॅव्हलर’मुळे मोठा झाला. २०१३ च्या फेब्रुवारीत रेकॉर्डिंग आटोपलं आणि लगोलग इझबेल आणि शायर्स यांचं लग्न झालं. २०१४ च्या अमेरिकाना पुरस्कारांमध्ये वर्षातला कलाकार, वर्षातला अल्बम आणि वर्षातलं गाणं, तिन्ही त्याला मिळाले.

आता, ही गोष्ट अशी सांगितली की कशी वाटते? गोंडस वाटते. माणूस बुडत होता, एका स्त्रीनं हात दिला, माणूस तरला, त्यानं सुंदर गाणी लिहिली. अल्बमबद्दल जे काही लिहून आलंय, त्यातलं बहुतेक याच चालीवर आहे. आणि माझं आजचं म्हणणं असं आहे, की अल्बम या गोष्टीपेक्षा पुष्कळ शहाणा आहे. आपण गोष्ट ऐकतो आणि गाणी ऐकायची राहून जातात.

एक तर हे नावच घ्या. ‘साउथईस्टर्न’ म्हणजे आग्नेयेकडचं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला माणूस, म्हणून हे नाव, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं. तसं नाहीये. ‘साउथईस्टर्न’ हे त्याच्या भागातल्या एका टूल अँड डाय कारखान्याचं नाव होतं. त्याचे वडील तिथं कामाला होते. इथं भोसरी, चाकणकडचं कोणी असेल तर त्यांना टूलरूम म्हणजे काय ते सांगायला नको. पोलादाच्या ठोकळ्यातून डाय काढायचा, मायक्रॉनमध्ये मोजायचं, एकदा जास्त कापलं गेलं की ठोकळा भंगारात. वेल्डिंग करून भरता येतं म्हणा, पण जाणकाराच्या नजरेला ते दिसतंच.

स्वतःच्या आयुष्यातल्या सगळ्यात खाजगी अल्बमला या माणसानं स्वतःचं नाव दिलं नाही, प्रेयसीचं दिलं नाही, पुनर्जन्म-बिनर्जन्म असलं काही दिलं नाही. बापाच्या कारखान्याचं नाव दिलं. मला यात एक भूमिका दिसते. गाणं हे काम आहे. वेदना झाली म्हणून गाणं होत नाही, ते कापावं लागतं, घासावं लागतं, मोजावं लागतं. दारू सुटल्यावर या माणसाला जर काही परत मिळालं असेल तर ते सकाळचे तास मिळाले. बसून काम करायचे तास. ‘दुःखातून कला जन्मते’ हे आपण फार सहज म्हणतो. दुःख याच्याकडे दारूच्या दिवसांतही भरपूर होतं, बारीक काम व्हायला मात्र हात स्थिर लागतो.

आता गाण्यांकडे. सगळी बारा घेत नाही, तीन घेतो.

पहिलं ‘कव्हर मी अप’. अल्बमची सुरुवातच याने होते. अकूस्टिक गिटार आणि आवाज, बाकी जवळपास काही नाही. हे त्यानं अमांडासाठी लिहिलेलं प्रेमगीत आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रेमगीत म्हणून त्याची रचना विचित्र आहे बघा. प्रेमगीतात साधारण माणूस समोरच्याची स्तुती करतो. इथं तो आधी स्वतःचा हिशेब मांडतो. काय काय मोडलं, कुठे कुठे भटकलो, कसा वागलो. उसनवारीची वही उघडावी तसं. आवाज सुरुवातीला खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा, आणि ध्रुवपदाला एकदम छाती फुटेल असा वर जातो. त्या उडीत सगळं गाणं आहे. खाली असताना तो कबुली देतोय, वर गेल्यावर तो मागतोय. पांघरूण मागतोय, म्हणजे आसरा मागतोय. माफी आणि मागणी एकाच वेळी. आपल्याकडे अभंगात हे दिसतं तुम्हाला, आपली पापं मोजून दाखवायची आणि त्याच दमात ‘आता तूच सांभाळ’ म्हणायचं. तुलना फार ताणत नाही, कारण इथं मागणी देवाकडे नाहीये, एका हाडामासाच्या बाईकडे आहे. आणि अडचण नेमकी तिथेच आहे. त्यावर पुन्हा येतो.

या गाण्यात एका जागी तो दारू सोडल्याचं सांगतो. प्रत्यक्ष कार्यक्रमात, तुम्ही कुठलंही रेकॉर्डिंग बघा, त्या जागेला प्रेक्षक उसळतात. टाळ्या, आरोळ्या, शिट्ट्या. गाणं दोन क्षण ऐकू येत नाही.

माझा एक मित्र आहे. नाव सांगत नाही, पण त्याला विचारून सांगतोय, आणि तो हे नंतर ऑनलाइन बघणार आहे. त्याची दारू सुटून आता अकरा वर्षं झाली. त्याला मी मोठ्या उत्साहानं हे रेकॉर्डिंग दाखवलं. मला वाटलं त्याला भरून येईल. तो टाळ्यांच्या जागेला उठून खिडकीशी गेला. म्हणाला, “बंद कर रे. मला धडकी भरते.” मी म्हटलं, का? तर म्हणाला, “टाळ्या पहिल्या दिवसाला असतात. चारशेव्या दिवशी कोण वाजवणार? त्या दिवशी तर कुणाच्या लक्षातही नसतं. आणि एवढ्या लोकांनी टाळ्या वाजवल्यावर उद्या हा घसरला तर तो कुणाला सांगेल?”

मी ते गाणं शंभरेक वेळा ऐकलं असेल, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि मग मी पुन्हा नीट ऐकलं, तर गाण्यात ती भीती आहे! दारू सोडल्याचं तो ज्या पद्धतीनं सांगतो, त्यातच कळतं की हे पहिल्यांदा नाही. याआधीही सोडलेली आहे, याआधीही शपथा झाल्या आहेत. प्रेक्षक विजयाला टाळ्या वाजवतात, आणि गाणारा फक्त म्हणतोय की ‘यावेळी तरी’. एवढंसं अंतर आहे, पण मला वाटतं अल्बमचा जीव त्या अंतरात आहे.

दुसरं गाणं, ‘लिव्ह ओक’ नव्हे हं, ‘लाइव्ह ओक’. ओकची एक सदाहरित जात आहे, अमेरिकेच्या दक्षिणेत वाढणारी, तिचं नाव. हे गाणं ऐकताना तुम्ही म्हणाल, अरे, याचा आणि दारूचा काय संबंध? कारण ही सरळ सरळ जुन्या काळची गोष्ट आहे. एक दरोडेखोर. हातून खून झालेले. उत्तरेकडची सरोवरं, लाकडाचा व्यापार, मालवाहू जहाजाची लूट, असं सगळं. तो हे सगळं सोडून देतो, एका बाईच्या सोबतीत स्थिरावतो. मग तिला त्याचा भूतकाळ कळतो. आणि शेवटी ती मेलेली आहे, तो तिला पुरतोय, तिच्या कबरीवरचा क्रूस या झाडाच्या लाकडाचा करतोय. ती कशी मेली? गाणं सांगत नाही. त्यानं मारलं का? सांगत नाही.

गाण्याची सुरुवात नुसत्या आवाजानं होते, एकही वाद्य नाही. त्या पहिल्या कडव्यात तो म्हणतो ते थोडक्यात असं, की माझ्या शेजारून माझाच जुना अवतार चालतो आणि ही त्या दोघांत गल्लत तर करत नाही ना. कुठल्या गीतकाराला व्यसनमुक्तीबद्दल इतकं थेट बोलता आलं असतं? पण हे बोलतोय कोण, तर शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा दरोडेखोर. इझबेलनं मुलाखतींमध्ये सांगितलंय की दारू सोडताना त्याला एक भीती होती: वाईटाबरोबर माझ्यातलं काही चांगलंही निघून जाईल का, लोकांना आवडणारं काही निघून जाईल का.

मी मित्राला विचारलं, तुला असं काही वाटलं होतं? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “प्यायल्यावर मी गप्पा फार भारी मारायचो. सगळे म्हणायचे, मैफल रंगवतो. सोडल्यावर घरात संध्याकाळी इतकी शांतता, की मला वाटायचं, हिला आता माझा कंटाळा येणार. हिनं लग्न त्या दुसऱ्या माणसाशी केलं होतं.”

‘लाइव्ह ओक’ची ताकद अशी की ते ही भीती दोन्ही बाजूंनी धरतं. तिला जुना माणूस कळला तर ती सोडून जाईल, ही एक भीती. आणि तिला जुना माणूसच जास्त आवडला तर? ही दुसरी, आणि ही जास्त भयंकर. गाण्यात ती बाई त्याच्या भूतकाळाकडे ओढली जाते असं सूचित आहे. सुधारलेल्या माणसाला आपल्या सुधारण्याचीच धास्ती वाटावी, हे मी दुसऱ्या कुठल्या गाण्यात ऐकलेलं नाही. आत्मचरित्र म्हणून लिहिलं असतं तर हे लिहिणं अशक्य होतं. बायको शेजारी व्हायोलिन घेऊन उभी आहे, तिच्यासमोर कसं म्हणणार? म्हणून दरोडेखोर.

तिसरं ‘एलिफंट’. माझ्या मते अल्बममधलं सर्वांत चांगलं गाणं, आणि याचा त्याच्या चरित्राशी उघड संबंध नाही. गाणाऱ्या पात्राचं नावच वेगळं आहे, अँडी. बारमध्ये अँडी आणि त्याची मैत्रीण बसलेत. तिला कॅन्सर आहे, जगणार नाहीये. इंग्रजीत असं म्हणतात की खोलीत हत्ती उभा आहे आणि सगळे त्याच्याकडे न बघितल्यासारखं करतायत, म्हणजे सगळ्यांना माहीत असलेली पण कुणी न बोलणारी गोष्ट. तो हा हत्ती. आता यात गीतकाराची शिस्त बघा. ‘कॅन्सर’ हा शब्द येतो तो तिच्या विनोदांच्या संदर्भात. ती स्वतःच्या आजारावर विनोद करते. डॉक्टर नाही, इस्पितळ नाही, सलाइन नाही. फक्त एक तपशील: तो तिला घरी पोचवतो, झोपवतो, आणि जमिनीवर पडलेले तिचे केस झाडून काढतो.

केमोथेरपी ज्यांनी घरात पाहिलीय त्यांना पुढे काही सांगावं लागत नाही. माझ्या घरात पाहिलीय. उशीवरचे केस मी सकाळी उचलायचो, आईच्या लक्षात यायच्या आत. तिच्या लक्षात यायचंच. ती काही बोलायची नाही, मीही नाही. पुढे हे गाणं पहिल्यांदा ऐकलं ते बसमध्ये, आणि मला माझ्या थांब्यावर उतरता आलं नाही, दोन थांबे पुढे गेलो. असो.

हे गाणं या अल्बममध्ये का आहे? मला वाटतं, कारण इथं अँडी काहीच वाचवू शकत नाही. ‘कव्हर मी अप’मध्ये प्रेम माणसाला वाचवतं. इथं प्रेम आहे, भरपूर आहे, आणि त्याचा आजारावर शून्य परिणाम आहे. ते फक्त सोबत बसू शकतं, झाडू मारू शकतं. आणि दोघंही पितायत, हेही लक्षात घ्या. दारू सोडलेल्या माणसानं लिहिलेलं गाणं आहे, पण तो अँडीला ‘पिऊ नकोस’ म्हणत नाही. उपदेश नाही. नव्यानं सुधारलेल्या माणसाला उपदेशाचा मोह किती असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. (हशा) इझबेलनं तो मोह आवरला.

बाकीच्या गाण्यांत ‘ट्रॅव्हलिंग अलोन’ सुंदर आहे, ‘यव्हेट’ ऐकून अंगावर काटा येतो. शाळेतल्या एका मुलीवर घरात अत्याचार होतोय हे कळलेला वर्गमित्र आणि त्याची बंदूक. ‘सुपर ८’ मात्र मला कधी पटलं नाही. स्वस्तातल्या मोटेलमध्ये मरायचं नाही असं एक धांगडधिंग्याचं विनोदी गाणं आहे. काही समीक्षक म्हणतात, एवढ्या जड अल्बममध्ये जरा मोकळं व्हायला हवंच होतं. असेल. मी दरवेळी पुढे ढकलतो.

आता मघाशी म्हटलेली अडचण. मागणी देवाकडे नाही, बाईकडे आहे.

आपल्याकडे एक वाक्य घराघरात म्हटलं जातं: “लग्न करून द्या, येईल ताळ्यावर.” पिणाऱ्या पोरासाठी बायको म्हणजे औषध. त्या औषधाचं पुढे काय होतं, हे विचारायची पद्धत नाही. अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ वाचलं असेल तुम्ही. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथं पेशंटांच्या बायकांचा वेगळा गट असतो, ‘सहचरी’. पेशंटच्या शुश्रूषेच्या पलीकडे त्यांचं स्वतःचं काही दुखणं असतं, हे तिथं ओळखलं गेलं. ‘साउथईस्टर्न’भोवती जी दंतकथा तयार झाली, तिच्यात सहचरीला जागा नाही. अमांडा शायर्स त्या कथेत फक्त वाचवणारी आहे. प्रत्यक्षात ती त्याच्या बरोबरीची कलाकार. २०१९ मध्ये ब्रँडी कार्लाइल वगैरेंबरोबर ‘द हायविमेन’ हा गट उभा राहिला, त्यातली ती एक. तिचा २०२२ चा ‘टेक इट लाइक अ मॅन’ ऐका, त्याच घराच्या दुसऱ्या खोलीतून आलेला आवाज आहे. २०२३ मध्ये इझबेलवर एक माहितीपट आला, त्यात ‘रियुनियन्स’ या अल्बमच्या वेळचे दोघांमधले ताण स्पष्ट दिसतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात घटस्फोटाचा अर्ज दाखल झाला.

मग ‘कव्हर मी अप’चं काय करायचं? खोटं ठरलं का ते?

हा प्रश्न चाहत्यांना फार लागला. लोकांनी लग्नात हे गाणं वाजवलेलं होतं. याआधीही एकदा हे गाणं त्याच्या हातातून निसटलं होतं. मॉर्गन वॉलन या लोकप्रिय कंट्री गायकानं २०१९ मध्ये ते गायलं, प्रचंड चाललं. २०२१ मध्ये वॉलनचा वर्णद्वेषी शिवी देतानाचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा इझबेलनं त्या आवृत्तीतून स्वतःला मिळालेली गीतकाराची रक्कम एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या नॅशव्हिल शाखेला देऊन टाकली. गाणं काही परत घेता येत नाही, पण पैसे कुठे जावेत ते ठरवता येतं. एवढं त्यानं केलं. टूलरूमवाल्याच्या मुलाचं वागणं वाटतं मला हे.

घटस्फोटानंतर, मार्च २०२५ मध्ये, त्याचा ‘फॉक्सेस इन द स्नो’ आला. एकटा माणूस, एक जुनी गिटार, बास. त्यातल्या ‘ग्रॅव्हलवीड’ या गाण्यात तो हाच प्रश्न स्वतः घेतो: जुन्या प्रेमगीतांचा अर्थ आता बदलला, याची त्याला खंत आहे. तो बचाव करत नाही. ती गाणी तेव्हा खरी होती, असा दावाही मोठ्यानं करत नाही.

मी मात्र करीन. कारण ‘कव्हर मी अप’ ही हमी नव्हतीच. ते नीट ऐकलं तर एका हिवाळ्यातल्या माणसाची विनंती आहे. विनंती मान्य झाली, काही वर्षं निभावली, मग नाही निभावली. ती दहा-अकरा वर्षं त्या माणसानं दारूशिवाय काढली, लग्न मोडल्यानंतरची वर्षंही. याचा अर्थ असा, की बायको हे औषध नव्हतं. तो दिवस दिवस करून तो स्वतःच काढत होता. अल्बमला हे आतून माहीत होतं असं मी म्हणतो, म्हणूनच त्यात ‘लाइव्ह ओक’ आहे, म्हणूनच ‘एलिफंट’ आहे. दंतकथेला ते माहीत नव्हतं.

वेळ संपत आलीय, पण एक प्रश्न घेतो. मागे, हो, आपण.

(श्रोत्यांमधून प्रश्न : इंग्रजी उच्चार नीट कळत नसतील तर कुठून सुरुवात करावी?)

चांगला प्रश्न. मलाही पहिल्यांदा अर्धं कळलं नव्हतं. अलाबामाचा हेल आहे. शब्द नेटवर मिळतात, पण पहिल्यांदा शब्द न बघता ऐका. ‘लाइव्ह ओक’ची पहिली वीस-तीस सेकंदं, जिथे वाद्य नाही, तिथे फक्त त्याचा श्वास ऐका. मग दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन. आणि क्रमानं ऐका. ‘रिलेटिव्हली ईझी’ हे शेवटचं गाणं शेवटीच ऐका, मधूनच उचलून त्याचा उपयोग नाही. त्यात एक मित्र गेलेला आहे, आणि गाणारा जगातल्या इतरांच्या मानानं आपलं बरं चाललंय असं म्हणतोय. अकरा गाणी पोटात गेल्याशिवाय ते ‘बरं’ किती मोजूनमापून म्हटलंय ते लक्षात येत नाही.

आता ‘एलिफंट’ लावूया. चारेक मिनिटांचं आहे. दिवे चालू राहू द्या, अंधार करायची गरज नाही. आणि माझ्या मित्राच्या वतीनं एक विनंती, मध्येच टाळ्या वाजवू नका.